चिमणीच्या जिभेचं झाड

कतारला जाऊन आले म्हटलं की लोक आधी विचारतात, उंच इमारती पाहिल्यास का? पाहिल्या, गाडीच्या काचेतून. मग विचारतात, सोनं आणलंस का? नाही आणलं. मी अकरा दिवस तिकडे होते आणि त्यातले पहिले चार एका खिडकीतल्या काचेच्या पेल्यापायी गेले. त्या पेल्याचीच हकीकत सांगते. ज्यांना वाळवंटातली उंटाची सफर वाचायची असेल त्यांनी इथेच थांबावं, उंट मला एकच दिसला आणि तोही ट्रकमध्ये बसलेला.

नाशकात आमचं काष्ठौषधीचं दुकान आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी सुरू केलं, आणि ते गेल्यापासून एकतीस वर्षं मी चालवते आहे. साली, मुळ्या, बिया, डिंक. साल हातात आली की आधी मोडून बघायची, मग हुंगायची, मग दाढेखाली धरायची, आणि नाव सगळ्यात शेवटी घ्यायचं, ही अण्णांची शिकवण. गिऱ्हाईकांना मी हे तोंडाला फेस येईपर्यंत सांगते. स्वतः मात्र एकदा विसरले.

दिलीप माझा धाकटा भाऊ. बावीस वर्षं दोह्यात एका बांधकाम कंपनीच्या स्टोअरमध्ये आहे. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. साखरेचा आजार आमच्या घराण्याचाच, तो त्यालाही आहे. मागच्या दिवाळीनंतर त्याने फोनवर एक व्हिडिओ पाठवला. खिडकीत काचेचा पेला, त्यात पिवळट पाणी, तळाशी लाकडासारखे तुकडे, आणि ऊन पडलं तिथे पाण्याच्या कडेला निळी झाक. कपड्यांच्या बादलीत नीळ सोडावी तशी. खाली लिहिलं होतं, "ताई, ओळख पाहू."

दुकानात गर्दी होती. पाण्यावर निळी झाक म्हणजे बिबळ्याचं लाकूड, हे आम्हा भावंडांना बाराखडीच्या आधी कळलेलं. बिबळ्याच्या गाभ्याचे पेले आम्ही विकतो. रात्री त्यात पाणी भरायचं, सकाळी प्यायचं, साखरेवर चांगलं म्हणतात. मी एका हाताने पुडी धरून फोन तोंडाशी नेला आणि बोलून टाकलं, "बिबळाच तो. पी खुशाल."

गोळ्या बंद कर असं मी म्हटलं नव्हतं. चालू ठेव असंही म्हटलं नव्हतं.

तीन महिन्यांनी इक्बालभाईंचा फोन आला. इक्बालभाई रत्नागिरीकडचे, एका कचेरीत क्लार्क, आणि दिलीपबरोबर एकाच घरात राहतात. माझ्याशी बोलायची त्यांची ती पहिलीच वेळ. "ताई, तुम्ही येवा," ते म्हणाले. "दिलीपभाईचा पाय मला बरा दिसत नाय. आणि येताना खसखस आणू नका, ती हितं चालत नाय."

अल रय्यान, गुरुवार

खसखस नव्हती, पण वेखंड होतं. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पुडी उघडून जवळून वास घेतला आणि सलग चार शिंका दिल्या. मग हातानेच मला जा जा म्हणाला. त्या अकरा दिवसांतली ही माझी शेवटची हसण्याची गोष्ट, म्हणून सांगितली.

इक्बालभाई गाडी घेऊन आले होते. शिडशिडीत माणूस, डोक्यावर जाळीची टोपी, गाडी इतकी सावकाश चालवणारा की मागचे हॉर्न वाजवून दमले. रस्ताभर तेच बोलत होते. "दोन बोटं काळी पडली हायत. गोळ्या कधीच सोडल्या. महिना झाला सांगतोय डॉक्टरकडं चला. ऐकत नाय. म्हणतो, पाणी निळं हाय तोवर मला काय होत नाय."

"असं कोण म्हणालं त्याला?"

इक्बालभाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "तो म्हणतो, ताईनी सांगितलंय."

घर तिसऱ्या मजल्यावर, खाली चहाचं हॉटेल. दाराच्या बाहेरच मला तो वास आला. गोडसर, कुजकट. दिलीपने दार उघडलं. पायात जाड मोजा, अंगावरचा शर्ट दोन मापं मोठा वाटावा इतका वाळलेला. "अगं ताई! तू कशाला आलीस एवढ्या लांब? हा इक्बाल म्हणजे ना, बायकांसारखा घाबरतो."

"मोजा काढ," मी म्हटलं.

"चहा तरी घे आधी."

"दिलीप, मोजा."

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही काळी ठिक्कर. लाली घोट्यापर्यंत चढलेली. अण्णांचंही असंच झालं होतं, अगदी नखापासून. त्यांचा पाय गुडघ्याखाली कापला आणि तीन आठवड्यांत अण्णा गेले. तेव्हा दिलीप एकोणीस वर्षांचा होता, दवाखान्यात त्यांच्या उशाशी तोच बसायचा. पाय कापला की माणूस संपतो, हे त्याच्या डोक्यात तेव्हापासून बसलेलं.

"दुखत नाही," तो म्हणाला. "खरंच. आधी दुखायचं, आता अजिबात नाही. ये, तुला पाणी दाखवतो."

त्याच्या खोलीची खिडकी पूर्वेला. कट्ट्यावर तो पेला, वर बशी झाकलेली. आणि पेल्याच्या शेजारी, आठवडाभर भिजवून झालेले तुकडे एका ओळीत, चांदीच्या कागदात गुंडाळून, सगळ्यांची टोकं बाहेरच्या बाजूला. मी विचारलं, हे काय? तर म्हणाला, ते घरात टाकायचे नसतात. इथल्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, ज्यांच्याकडून हे घेतो त्या हाजींनी सांगितलंय. अंगातलं जे ओढून काढतात ते त्या तुकड्यांत जाऊन बसतं. शुक्रवारी लांब वाळूत नेऊन पुरायचे. आणि रोज सकाळी ऊन आलं की आधी बघायचं. निळं आलं तर प्यायचं. निळं आलं नाही तर समजायचं, संपलं.

"काय संपलं?"

"ते हाजी बोलले नाहीत. पण कळतं की आपल्याला."

मी त्याच्या औषधाच्या पिशवीतला एक कोरडा तुकडा घेतला. बिबळा म्हणजे गाभ्याचं लाकूड, तांबडं, जड. ही होती साल. बाहेरून करडी, आतून फिकट, पन्हाळीसारखी वळलेली. मोडली तर धागे निघाले. दाढेखाली धरली तर कडू, जीभ आखडून घेणारी. या चवीची साल माझ्या दुकानात कधी आलेलीच नव्हती.

"दिलीप," मी म्हटलं, "हा बिबळा नाही. माझी चूक झाली. मी न बघता बोलले. ही कसली साल आहे मला माहीत नाही. उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जायचं आणि आत्ताच्या आत्ता गोळी घ्यायची."

तो हसला. "व्हिडिओत बिबळा आणि हातात घेतल्यावर नाही होय? ताई, इक्बालने तुझे कान भरलेत. निळं होतंय ना पाणी? मग!"

खूप बोलले, रडले, अण्णांची शपथ घातली. शपथेवर तर तो चिडलाच. "अण्णा डॉक्टरच्याच हातात गेले," म्हणाला, आणि मोजा चढवून आत निघून गेला.

बिरकत अल अवामेरच्या पुढे, शुक्रवार

तिकडे सुट्टीचा वार शुक्रवार. सकाळी रस्ते ओस, दुपारच्या नमाजानंतर हळूहळू जाग. मी पेल्याशेजारी खुर्ची घेऊन बसले होते. ऊन कट्ट्यावर आलं आणि निळं आलं. मी डावीकडे सरकले तर तेही सरकलं. वाकून आत पाहिलं तर पाणी साधं पिवळं. मागे झाले की पुन्हा निळं. ते पेल्यात नसतंच, ऊन आणि बघणारा यांच्या मधे कुठेतरी असतं. बिबळ्याचंही असंच होतं, हजारदा पाहिलंय, पण त्याची मला कधी भीती वाटली नव्हती. दिलीपने नमस्कार केल्यासारखा पेला उचलला आणि घटाघट प्यायला.

इक्बालभाई नमाज करून आल्यावर आम्ही तिघं निघालो. म्हटलं, बरोबर राहीन तर बोलायला तरी मिळेल. गाडी दक्षिणेला. बिरकत अल अवामेरला कामगारांच्या वसाहती आहेत, एकसारख्या लांबच लांब चाळी, दोरीवर सुकणारे निळे डगले, मोकळ्या जागेत सुट्टीचं क्रिकेट. एका टपरीवर दुधाळ करक चहा आणि पोळीसारखी रोटी घेतली. दिलीपने चहात दोन चमचे साखर मागून घेतली. माझ्या डोळ्यांकडे बघून म्हणाला, "पाणी आहे ना."

त्याच्या पुढे काहीच नाही. डांबर सोडून गाडी थोडी आत नेली आणि थांबवली. ऊन तिथे वरून पडत नाही, चहूबाजूंनी येतं. आपल्याकडे माळरानावर निदान टिटवी ओरडते, गवत सळसळतं. तिथे माझ्याच कानात माझं रक्त वाजत होतं.

दिलीप लंगडत पुढे गेला. "हे बघ, मागच्या आठवड्याचे इथे पुरले होते."

वाऱ्याने वाळू उडून ते तुकडे उघडे पडले होते. सात-आठ करडे तुकडे, आणि त्यांच्याकडे येणारी एक खूण. शिडीच्या आडव्या दांड्यांसारख्या तिरक्या रेघा, एकीखाली एक. वाळूतला साप असा आडवा चालतो, इक्बालभाई कुजबुजले. त्या रेघा लांबून सरळ तुकड्यांच्या दिशेने आल्या होत्या. वीतभर अंतरावर थांबल्या होत्या. तिथून तुकड्यांभोवती पूर्ण गोल फिरून आल्या वाटेने परत गेल्या होत्या.

"बघितलंस?" दिलीपचा चेहरा उजळला होता. "हाजी म्हणाले होते. साप एक वेळ आगीतून जाईल, पण या झाडाच्या सावलीतून जाणार नाही."

"सावली कुठाय इथे?" मी म्हटलं, पण माझा आवाज मलाच परका वाटला. वारा चांगला वाहत होता, माझा पदर उडत होता, आणि त्या रेघांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या होत्या. मी बोट लावून पाहिलं. म्हणजे नुकताच गेला होता. मी गोदाकाठी वाढलेली बाई, साप काही कमी पाहिलेले नाहीत. तरी घाबरले. सापाला नाही घाबरले, त्याने घातलेल्या त्या गोलाला घाबरले.

"ताई, चला हो," इक्बालभाई म्हणाले. त्यांच्या ओठांवर दुआ चालू होती.

दिलीपने नवे तुकडे कागदातून काढून पुरले. परत येताना माझी डावी चप्पल वाळूत रुतून राहिली आणि ती काढायला मागे वळायची कुणाचीच तयारी नव्हती. मी एका चपलेवर घरी आले.

सूक वाकिफ, शनिवार

सकाळी साडेसातलाच मी इक्बालभाईंना घेऊन निघाले. दिलीप झोपला होता, त्याला सांगितलं नाही. मला त्या हाजींना गाठायचं होतं. इक्बालभाईंना मी हेही सांगितलं की दिलीपला पुन्हा साल देणार नाही असा शब्द हाजींनी आज दिला नाही तर मी रस्त्यावर ओरडेन.

सूकच्या गल्ल्या मातीच्या रंगाच्या, वर लाकडी ओंडके. दुकानं उघडत होती. एका वळणावर लोबान, वाळलेली काळी लिंबं, गुलाबाच्या कळ्या असा वास आला आणि मला एकदम माझ्या दुकानाचं शटर वर केल्यासारखं वाटलं. आपल्याकडे त्याच जागी हिंग आणि वेखंड. हाजी आत बसले होते. ऐंशीच्या घरातले, बापजादे इराणहून आलेले, पांढरी दाढी, एका डोळ्यात फूल पडलेलं. हिंदी जुन्या वळणाची, मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून उचललेली.

मी आधी काहीच विचारलं नाही. त्यांच्या पोत्यांपुढून चालत गेले आणि हुंगून नावं घेत गेले. ज्येष्ठमध. हिरडा. अक्कलकारा. सोनामुखी. हाजी खूश झाले. अर्धी पोती मी ओळखली, उरलेली त्यांनी मला ओळखवली. मग चहा आला, लिंबाची फोड घातलेला कोरा चहा, आणि मी सालीचा तुकडा पुढे ठेवला.

"ये दरदार है," ते म्हणाले. "हमारे फारस में बोलते हैं ज़बान-गुंजिश्क. छोटी चिड़िया की ज़बान. उसका बीज वैसा होता है." आणि एक बरणी उघडून त्यांनी बी दाखवलं. लांबट, पातळ, टोकाला पंखासारखं. खरंच चिमणीची जीभ.

मी ते बी हातात घेऊन बघतच राहिले. इंग्रजीत या झाडाला अ‍ॅश म्हणतात आणि आपल्या उत्तराखंडात अंगू, हे मला नंतर कळलं. पण चिमणीची जीभ मला ठाऊक होती. जुन्या हकीमांच्या चिठ्ठीत 'लिसान-उल-असाफीर' हे त्याच अर्थाचं अरबी नाव लिहिलेलं यायचं, आणि ते आलं की आम्ही बिनदिक्कत काळ्या कुड्याचा गोडा इंद्रजव बांधून द्यायचो. आमच्या धंद्यात सगळेच देतात. अण्णा म्हणायचे, खरी चीज इकडे येत नाही, हीच चालते. म्हणजे एकतीस वर्षं मी या झाडाच्या नावावर दुसरंच झाड विकलं होतं, आणि आता हे झाड दुसऱ्याच्या नावाने माझ्या भावाच्या घरात शिरलं होतं. माझ्या हातावर काटा आला. असं काही नसतं, हे मला कळत होतं. तरी आला.

हाजी सांगत गेले. ताप, सांधेदुखी, यकृताची सूज यांना सालीचा काढा. जखम धुवायला तेच पाणी. दुखऱ्या डोळ्यांवर पट्टी. त्यांच्या डोंगरात मेंढपाळ या झाडाखालीच झोपतात, सापाच्या भीतीने. साल सूर्य उगवायच्या आत काढायची, आणि काढताना झाडाला सांगायचं कुणासाठी नेतोय ते.

"आणि साखरेसाठी?" मी विचारलं.

"शक्कर?" हाजींनी भुवया वर केल्या. "शक्कर का किसने बोला? वो घुटने के दर्द के लिए ले गया था. फिर आकर बोला, हाजी, और दो, मेरी बहन को मालूम है, ये शक्कर की दवा है. बोला, मेरी बहन के हाथ में शफा है."

शफा म्हणजे गुण. इक्बालभाई खाली बघत होते. मी चहाचा ग्लास खाली ठेवला. मग मी हाजींना सगळं सांगितलं. काळी बोटं, निळं पाणी, अण्णांचा पाय, माझं ते फोनवरचं वाक्य. मी चारचौघांत रडणारी बाई नाही, पण तिथे रडले.

"निळं आलं नाही तर काय करायचं असं तुम्ही सांगितलंत?" मी शेवटी विचारलं.

"नहीं पीना. मरीज़ को उठाना, ले जाना."

"कहाँ?"

त्यांनी मला वेडी आहेस का अशा नजरेने पाहिलं. "अस्पताल! और कहाँ? हम पहाड़ के लोग हैं, पागल नहीं हैं."

मग त्यांनी काय केलं ते सांगते. दाराशी उन्हात एका भांड्यात त्यांची साल भिजत होती, काचेचं भांडं, कडेला तीच निळी झाक. त्यांनी आपल्या चहातली लिंबाची फोड उचलून त्यात पिळली. निळं गेलं. दिवा मालवल्यासारखं गेलं. राहिलं ते पिवळं, मेलेलं पाणी. हाजींनी भांड्यावर तळहात ठेवला. "ऐसे भी जाता है," ते हळू म्हणाले. "मगर आदमी के हाथ से जाए तो पेड़ को मालूम पड़ता है. सोच के करना, बहन."

आम्ही परत आलो. घरी दिलीप जागा होता, खिडकीकडे पाठ करून बसलेला. मी विचारलं, पाणी प्यायलास? तर म्हणाला, हो. जेवणात इक्बालभाईंनी हमूर माशाचं कोकम घातलेलं कालवण केलं, उत्तम होतं, आणि कुणीच दुसऱ्यांदा घेतलं नाही.

अल रय्यान, रविवार

पहाटेपासून जागी होते. ऊन कट्ट्यावर यायची वाट बघत स्वयंपाकघरात लिंबू चिरून ठेवलं. सातच्या सुमाराला ते आलं. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ. मी बशी काढली. निळं होतं, आणि आदल्या दिवशी दुकानात पाहिलं त्याहून दाट होतं. मला वाटलं ते माझ्याकडे बघतंय. वाटलं ते सांगते, शहाणपणाने झाकून ठेवत नाही.

मी पिळलं. आधी निळ्यात पिवळे दोरे सुटले, मग ते दोरे रुंद झाले, मग काही राहिलं नाही. चमच्याच्या दांड्याने ढवळलं. बी पडली होती ती बोटाने काढली. एखाद्या जित्या जिवाचं नाक दाबून धरावं तसं मला होत होतं. "याचं काय व्हायचं ते मला होऊ दे," असं मी मोठ्याने म्हटलं. कुणाला म्हटलं, ठाऊक नाही.

दिलीप आला. खुर्चीवर बसला. पेल्याकडे बराच वेळ बघत राहिला. मी भांडायला तयार होते, कारणं पाठ केली होती. तो एवढंच म्हणाला, "गेलं."

मग उठून आंघोळ केली. शर्टाला स्वतः इस्त्री केली. अंथरुणाची घडी घातली. इक्बालभाईंना कुकरच्या शिट्टीचं सांगितलं, ती डावीकडे जरा फिरवावी लागते. कपाटाची किल्ली त्यांच्या हातात दिली. आणि मला वाकून नमस्कार केला. दिवाळीत करतो तसा नव्हता तो, पायांवर डोकं टेकून केलेला. मी मागे सरकले. मला सांगायचं होतं, अरे वेड्या, लिंबू आहे ते, मरायला नाही चाललास. जिभेवर आलं होतं. सांगितलं असतं तर तो घरीच राहिला असता. मी गप्प राहिले.

"चल," तो म्हणाला. "फक्त अण्णांसारखं करू नका म्हणावं."

मोठ्या दवाखान्यात त्याला चाकाच्या खुर्चीतूनच आत नेलं. डॉक्टर सुदानचे होते, शांत माणूस. साखरेचा आकडा बघून त्यांनी फक्त ओठ आवळले. दोन बोटं आजच काढावी लागतील, म्हणाले. पाय वाचेल असं वाटतं, आठवडाभराने आला असतात तर नसता वाचला. मी त्यांचे हात धरले. इक्बालभाई बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

बोटं काढली. ताप दोन दिवस राहिला आणि उतरला. पाय राहिला.

दवाखाना, बुधवार

तिसऱ्या दिवशी तो उशीला टेकून बसला. केरळच्या नर्सने इडली आणून दिली होती, ती मी चमच्याने मोडून भरवत होते. पडदा बाजूला केलेला, खोलीभर ऊन. अण्णा या दिवशी बेशुद्ध होते आणि हा इडलीला चटणी नाही म्हणून कुरकुरत होता. मला इतकं हलकं वाटलं की आता सांगून टाकावं असं ठरवलं.

"दिलीप, रागावू नकोस. रविवारी निळं गेलं नव्हतं. मी लिंबू पिळलं होतं पेल्यात. तू दवाखान्यात यावास म्हणून. आंबट घातलं की जातं ते. तुला फसवलं मी."

तो रागावला नाही. इडली चावत राहिला. "रविवारी?" म्हणाला. "अगं, निळं शनिवारीच गेलं होतं."

"शनिवारी?"

"तू बाजारात गेलीस तेव्हा. मी उठलो, बघितलं, नव्हतंच. दुपारपर्यंत बसलो खिडकीशी. तुला बोललो नाही, तू रडत बसली असतीस. रविवारी तू पेल्याशी उभी होतीस म्हणून पुन्हा बघितलं, इतकंच."

"मळभ असेल शनिवारी."

"कसलं मळभ? अंगावर चटका बसत होता."

शनिवारी मी त्याच उन्हात सूकमध्ये हिंडले होते. एक ढग नव्हता. "अरे पण रविवारी लिंबू पिळायच्या आधी मी स्वतः पाहिलं," मी म्हटलं. "चांगलं दाट निळं होतं. पाणी आदल्या रात्रीचंच होतं, तूच भिजवलेलं."

दिलीप चावायचा थांबला. त्याने तोंड माझ्याकडे वळवलं, पण नजर माझ्यावर आली नाही. माझ्या खांद्याशेजारच्या सलाईनच्या दांडीवर थांबली.

"तुला दिसत होतं?" त्याने विचारलं.

"हो रे. भरपूर दिसत होतं."

मी चमचा खाली ठेवला. हात वर केला, तीन बोटं धरली, त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर. तो त्या दांडीकडेच बघत होता. "दिलीप, माझी किती बोटं आहेत?"

"डाव्या डोळ्यापुढे काळं जाळं आलंय कधीपासूनचं," तो हळूहळू म्हणाला. "उजव्यातही शनिवारपासून धूर. मला वाटलं इथली धूळ असेल. धूळ फार असते ना इथे." त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. अवघड गणित सुटल्यावर शाळेत तो असा दिसायचा.

"म्हणजे पाण्याने मला खरंच सांगितलं की गं, ताई," तो म्हणाला.

मी नर्सची घंटा दाबली आणि ती येईपर्यंत दाबतच राहिले.